रेषेखालचा रंग

आमोणे, डिचोली
१२ जून २००५

चि. संजना हिस अनेक आशीर्वाद.

तू केरीला माहेरी गेल्यापासून लिहायचे राहून गेले. फोन केला की तुझे पप्पा उचलतात. मग पावसाचे आणि ब्लडप्रेशरचे बोलणे होते आणि मी ठेवून देतो. म्हणून लिहितो.

कामाचे असे आहे. पणजीहून अभिजीत येऊन गेला. त्याच्या ऑफिससाठी आपल्या साईशने जे काम घेतले होते ते तुला माहीत आहे. शाळेच्या मुलांची सीडी, चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात तिच्यातल्या फळाफुलांची. प्रत्येक फळाचे एक बारके चित्र, त्याच्यावर क्लिक केले की माहिती उघडते. चाळीसही चित्रांच्या रेषा साईशने काढून ठेवल्या आहेत. रंग निम्म्यांत भरला आहे. बाकीची कोरी आहेत. अभिजीत म्हणाला, भाई, तुम्ही त्रास घेऊ नका, मी दुसऱ्याकडून करून घेतो. मी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले. साईशच्या रेषांत परक्याचा रंग नको, एवढेच त्या वेळी मनात आले.

तू हे जाणतेस. म्हापशाच्या क्लासात तू हेच शिकवत होतीस. चार-आठ दिवस येऊन पुरे करशील का? खोली आहे तशी आहे. माई रोज झाडते. दमट हवेने बिघडू नये म्हणून कॉम्प्युटरवर टॉवेल घातला आहे.

यायचे नसेल तर तसे लिही. मी रागावणार नाही.

भाई


केरी, पेडणे
२० जून २००५

तीर्थरूप भाईंस
संजनाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. पोस्टमनने दुकानात दिले आणि पप्पांनी ते न फोडता आणून दिले.

मी येऊ शकणार नाही. आमोणे नको असे नाही. साईशच्या फायली उघडल्या की शेवटचे कधी काम केले त्याची तारीख समोर येते. जानेवारीची, तो गेला त्या महिन्याची. ते मला झेपणार नाही. माईंना तुमच्या पद्धतीने सांगा.

पण काम अडू नये असे मलाही वाटते. तुम्हीच का करत नाही? तुमची सगळी नोकरी सर्व्हे ऑफिसात नकाशे काढण्यात गेली. साईश म्हणायचा, भाईंच्या हातात माऊस दिला तर ते आधी त्याला टोक करतील. पण तुमचा हात स्थिर आहे असेही म्हणायचा.

कसे करायचे ते लिहिते. फोटोशॉपमध्ये चित्र एका कागदावर नसते. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. त्यांना लेअर म्हणतात. उजवीकडे खाली त्यांची यादी दिसेल. सगळ्यात वरच्या काचेवर साईशच्या काळ्या रेषा आहेत. तिला हात लावायचा नाही. तिच्याखाली नवीन काच घ्यायची आणि तिच्यावर फळाचा रंग भरायचा. त्या रंगावर आणखी एक काच सावलीची, आणि एक उजेडाची. रेषा सगळ्यांच्या वर राहतात. चुकले तर तेवढी एकच काच पुसायची, बाकीचे जसेच्या तसे राहते. यादीत डोळ्याचे चिन्ह आहे. त्याच्यावर दाबले की ती काच दिसेनाशी होते, पुन्हा दाबले की येते.

चित्र बत्तीस ठिपके लांब आणि बत्तीस रुंद आहे. मोठे करून पाहिले की रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसेल. घाबरू नका. जमले नाही तर विचारा, मी लिहीत जाईन.

तुमची
संजना


आमोणे
३ जुलै २००५

चि. संजना हिस आशीर्वाद.

तुझ्या काचा वाचल्या आणि ओळख पटली. आमच्या ऑफिसात मूळ नकाशावर ट्रेसिंग कापड ठेवून काढायचो. शेताच्या हद्दी एकावर, पाण्याच्या वाटा दुसऱ्यावर. तेव्हा हे मला नवे नाही. माऊस नवा आहे. तो मी सांगतो तिकडे जात नाही, त्याच्या मनात येईल तिकडे जातो.

पहिल्यांदा आंबाडा घेतला. रंग ओतायची बादली आहे तिने हिरवा ओतला तर अख्खी चौकट हिरवी झाली. पुसून पुन्हा ओतला, पुन्हा तेच. शेवटी सापडले. देठाजवळ साईशच्या रेषेत एका ठिपक्याची फट राहिली आहे, तिच्यातून रंग बाहेर जातो. आता रेषेच्या काचेला हात लावायचा नाही असे तू लिहिलेस. म्हणून फट तशीच ठेवली, बादली सोडली आणि आतला एकेक ठिपका हाताने भरला. दुपार गेली. पण आंबाडा झाला.

उजेडाचा पांढरा ठिपका मी उजवीकडे दिला. खोलीतली खिडकी उजवीकडे आहे.

माई दारात येऊन उभी राहिली. कोणाचे काम करता, विचारले. साईशचे, म्हटले. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. दोघांचा चहा त्या खोलीत पहिल्यांदाच झाला.

माट्टीच्या फळांना पंखासारख्या कडा असतात, त्यांना रंग कोणता द्यायचा? साईशने कुठे लिहून ठेवलेले नाही. तुला आठवत असेल तर कळव. तब्येत सांभाळ.

भाई


केरी
१७ जुलै २००५

तीर्थरूप भाईंस साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. हल्ली दुपारी झोप लागते ती लागतेच. उठले की फेरीबोटीचा भोंगा ऐकू येतो आणि कोणता वार आहे ते आठवावे लागते.

फट तशीच ठेवलीत ते बरे केलेत.

उजेड डावीकडून द्या. साईश सगळ्यांना डावीकडूनच द्यायचा, वरच्या कोपऱ्यातून. सगळी चित्रे एका ओळीत लागणार, तेव्हा सगळ्यांवर एकाच बाजूचा उजेड हवा. नाहीतर एकच फळ दुसऱ्या घरातले वाटेल. ठिपका स्वतःच्या काचेवर आहे, तेव्हा पुसून पलीकडे दिला की झाले, आंबाडा पुन्हा करावा लागणार नाही.

माट्टीच्या कडांना फिकट पोपटी द्या, आत थोडा तपकिरी. एवढ्याशा चित्रात तीनपेक्षा जास्त रंग घालू नका. खऱ्या फळात असतात तेवढे सगळे घातले तर चिखल होतो.

गेल्या रविवारी पप्पा मला मोरजीला घेऊन गेले, त्यांच्या ओळखीच्यांकडे. किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात त्या बाजूला, जरा आत घर आहे. चहा घेतला आणि आलो. मला पावसात कुठे जायचा कंटाळा येतो, पण पप्पांचे मन मोडवत नाही.

माईंना नमस्कार. पुढचे विचारा, मी सांगेन.

तुमची
संजना


आमोणे
११ सप्टेंबर २००५

चि. संजना हिस आशीर्वाद.

मध्ये बरेच दिवस गेले, कारण कळवण्यासारखे काही नव्हते. आठवड्याला दोन चित्रे, कधी तीन. आता पुरे झाले म्हणून लिहितो.

यंदा आपल्याकडे चवथ नव्हती. माझ्या भावाकडे मूर्ती आणली, मी लांबून हात जोडून आलो. पण चवथीच्या आधी डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात गेलो होतो. काही रंग डोळ्यांसमोर येईनात, विशेषतः कवंडळाचा. एक कवंडळ, कांगण्यांचा एक आणि सुपाऱ्यांचा एक घोस विकत घेतली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली. माईने पाहिले आणि म्हणाली, "घरात चवथ ना, आनी तुमी माटोळेचें सामान कित्याक हाडलें?" चूकच होती. सुतकाच्या वर्षात ते सामान घरात यायला नको होते. तिने ते उचलून नेले नाही मात्र. संध्याकाळी येऊन माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "इतलें तांबडें न्हय. नारंगी करात." केले. मग ती खुर्ची आणून बसली. शेवटची सात-आठ चित्रे आम्ही दोघांनी मिळून केली असे म्हणायला हरकत नाही. ती सांगायची, मी भरायचो. आमच्या लग्नानंतर आम्ही मिळून एखादे काम केले असे मला आठवत नाही.

तू मोरजीला जाऊन आलीस ते वाचून बरे वाटले. बाहेर पडत जा. या चित्रांमुळे तुझे मनही थोडे गुंतून राहिले असेल, हा एक फायदा झाला. तुझे पत्र आले की मला समजायचे की तू या कामात आहेस.

सगळी झाल्यावर पक्की केली. आमच्या ऑफिसात नकाशा तपासून झाला की सगळी ट्रेसिंगे एका कागदावर उतरवायची आणि कच्ची ट्रेसिंगे फाडून टाकायची असा नियम होता. कच्चे राहिले की पुढे कोणीतरी त्याच्यावर बोट ठेवून हद्दीचा वाद काढतो. त्याप्रमाणे मेन्यूत शोधून सगळ्या काचा एकत्र केल्या आणि सेव्ह केले. साईशने पूर्वी भरलेली चित्रेसुद्धा. आता चाळीसच्या चाळीस एकसारखी, एकेका काचेची झाली. अभिजीतला पुढच्या महिन्यात देईन.

भाई


केरी
१९ सप्टेंबर २००५

तीर्थरूप भाईंस साष्टांग नमस्कार.

चित्रे झाली हे वाचून बरे वाटले. तुम्ही आणि माईंनी खूप मेहनत घेतली. छान झाली असतील.

एक काम होते. साईशच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागेल. बँकेचे काही राहिले आहे. सवडीने पाठवा, घाई नाही.

इकडे सगळे बरे.

संजना


आमोणे
९ ऑक्टोबर २००५

चि. संजना हिस आशीर्वाद.

अभिजीत काल येऊन चित्रे घेऊन बसला. त्याच्या सीडीवर मागचा रंग गडद तपकिरी आहे, लाकडी माटोळीसारखा. त्याच्यावर साईशच्या काळ्या रेषा दिसत नाहीत. तो म्हणाला, त्यात काय, रेषांची काच घेऊ आणि पांढरी करू. मग त्याने यादी उघडली. मला विचारले, भाई, बाकीचे लेअर कुठे आहेत? मी म्हटले, पक्के केले. तो रागावला नाही, चांगला मुलगा आहे. पण मला समजले. रेषा आणि रंग आता एकच झाले. वेगळे निघत नाहीत. दुसरीकडे कुठे प्रत आहे का, विचारले. मी म्हटले, नाही, मी त्याच फायलींवर सेव्ह केले.

म्हणजे साईशच्या रेषा मीच घालवल्या. त्याने भरलेले रंगही.

तुला हे माझे सप्टेंबरचे पत्र वाचताच कळले असणार. तू क्लासात मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगत असशील. तरी तू 'छान झाली असतील' एवढेच लिहिलेस. मी रागावलेलो नाही. का, ते विचारतो एवढेच.

मी अभिजीतला सांगितले की पुन्हा करतो. रेषा काढायला शिकतो. तू पहिल्यापासून लिहून पाठव, रेषेचा ब्रश कोणता, जाडी किती. माझ्याकडे वेळ आहे, आणि तुलाही त्यात बरे वाटते असे मला वाटते. एक-दोन वर्षे गेली तरी चालतील.

दाखल्याची झेरॉक्स सोबत आहे. बँकेने त्यांची प्रत मार्चमध्येच घेतली होती, मीच तुझ्याबरोबर होतो. कुठे लागतो ते मी विचारत नाही. पण मी कचेरीतला माणूस आहे. झेरॉक्स कुठे चालते आणि कुठे चालत नाही ते मला माहीत आहे.

भाई


केरी
२३ ऑक्टोबर २००५

तीर्थरूप भाईंस
संजनाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तीनदा फाडले. आता जसे येईल तसे पाठवते.

सोबत एक सीडी आहे. साईशच्या सगळ्या फायलींची प्रत आहे, सगळ्या लेअरसकट. आम्ही दर महिन्याला एक काढून ठेवायचो. जानेवारीची माझ्या बॅगेत आली. तेव्हा रेषा गेलेल्या नाहीत. तुम्ही काही घालवलेले नाही. अभिजीतने सीडी लावली की पाच मिनिटांत रेषा पांढऱ्या होतील. तुमचे रंग मात्र त्यात नाहीत. ते पुन्हा भरावे लागतील.

हे तुम्हाला सप्टेंबरमध्येच लिहायला हवे होते. लिहिले नाही, कारण लिहिले असते तर सगळे पुन्हा सुरू झाले असते. तुम्ही विचारणार, मी सांगणार. भाई, मी थकले आहे. आंबाडा, माट्टी, उजेड डावीकडून. प्रत्येक वेळी लिहायला बसले की साईशच्या खांद्यावरून वाकून पडदा बघितल्यासारखे होते. मी लिहीत राहिले, कारण मला वाटले तुम्हाला त्याचा आधार आहे. घरी कोणी बोलायला नाही, काहीतरी हातात असावे. आणि तुम्ही लिहिता की मला बरे वाटावे म्हणून तुम्ही करत होता. म्हणजे आपण दोघांनी एकमेकांसाठी हे ओढत नेले.

दाखला बँकेसाठी नको. मोरजीचे घर मी तुम्हाला सांगितले होते. तिथे शंभू म्हणून आहेत. पंचायतीत नोकरी करतात. त्यांच्या आईच्या आजारपणात लग्नाचे राहून गेले. दोनदा भेटलो. पहिल्यांदा मी काहीच बोलले नाही आणि त्यांनीही काही विचारले नाही. दुसऱ्यांदा त्यांनी साईश काय काम करायचा ते विचारले. मी सांगितले. ते ऐकत राहिले. मला त्यांच्याबद्दल अजून फार काही माहीत नाही, पण ऐकतात.

वर्षश्राद्ध झाल्याशिवाय काही करायचे नाही असे मी पप्पांना सांगितले आहे. त्यानंतर पेडण्याला नोंदणी कचेरीत आधी सह्या होतात, तिथे पहिल्या नवऱ्याचा मूळ दाखला दाखवावा लागतो. तो तुमच्याकडे आहे. पप्पा म्हणाले, डिचोलीच्या कचेरीत अर्ज करून दुसरा काढता येईल, आमोण्याला कळवायची गरज नाही. मला तसे करायचे नाही. तुम्ही आणि माई नको म्हणाल तर मी हे पुढे नेणार नाही. हे मी पप्पांना सांगितले आहे, शंभूंनाही.

उत्तर नाही आले तरी मी समजेन.

तुमची
संजना


आमोणे
२० नोव्हेंबर २००५

चि. संजना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दिवाळीच्या आधीच मिळाले होते. उत्तराला उशीर झाला त्याचा वेगळा अर्थ तू काढला असशील, म्हणून आधी तेच सांगतो. मला जे म्हणायचे होते ते पत्र वाचले त्याच दिवशी ठरले होते. माईला सांगायचे होते, त्याला वेळ लागला.

दिवाळीचे दिवस जाऊ दिले आणि मग तिला पत्र वाचून दाखवले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाव घेऊन पोदेर आला तर उंडेही तिने घेतले नाहीत, मीच घेतले. तिसऱ्या दिवशी तिने तुझे कपाट उघडले, साड्या बाहेर काढून उन्हात घातल्या आणि पुन्हा घडी केल्या. मग मला म्हणाली, "तिका विचारात, पाठवूं काय ती येवन व्हरता?" मी म्हटले, ती येऊन घेऊन जाईल तर तुला आवडेल का? ती म्हणाली, "जेवपाक यो म्हणात." अजून ती अधूनमधून रडते. ते तुझ्यामुळे नाही, त्यामुळे ते मनावर घेऊ नकोस.

सीडी मी उघडली नाही. पणजीला जाऊन अभिजीतला दिली. त्याच्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिने दोन दुपारींत राहिलेले सगळे रंग भरले. मला बोलावून दाखवले. रंग थोडे भडक आहेत, मुलांना आवडतील. कवंडळ तिने तांबडेच केले आहे. मी तसेच राहू दिले. साईशच्या रेषा पांढऱ्या झाल्या आहेत आणि चांगल्या दिसतात. इतक्या स्वच्छ मला त्या आधी दिसल्या नव्हत्या. परतताना बसमध्ये वाटले की जून महिन्यात अभिजीतला नाही म्हटले नसते तर हे काम तेव्हाच झाले असते. पण मग माई खुर्ची घेऊन बसली नसती. तेव्हा झाले ते झाले. कॉम्प्युटर भावाच्या मुलीला दिला, ती कॉलेजात आहे.

तू थकलीस असे लिहिलेस. मीही थकलो होतो. सांगणार कोणाला, म्हणून नवे चित्र उघडायचो.

काल तुझ्या पप्पांना फोन केला. आधी पावसाचे बोललो, पाऊस संपला आहे तरी. मग म्हटले, "गोकुळदास, संजनाचे ठरवताना आमच्या घरासाठी थांबू नका." मग त्यांनी विचारले, "तुमी येतले मू?" मी हो म्हटले.

दाखला पोस्टाने पाठवत नाही. मूळ कागद पोस्टाने पाठवायचे नसतात. सह्यांच्या दिवशी मी तो घेऊन पेडण्याला येईन. माई येईल असे वाटत नाही, तिला आग्रह करू नकोस.

तिथे साक्षीदार लागतात. दुसऱ्या कोणाला सांगितले नसेल तर तुझ्या बाजूने मी सही करतो. नोकरीत असताना माझी सही कोणाला वाचता यायची नाही, आमचे साहेब तिला नदीचे वळण म्हणायचे. त्या दिवशी घाई करणार नाही. पूर्ण नाव काढीन, एकेक अक्षर सुटे. शंभूंना वाचता यायला हवे.

भाई